सुस्त आहे का? – नाही

आधी बीटाची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

माझी मुलगी ओवी चार वर्षांची. एका सकाळी तिला लालभडक शी झाली. मी बघितलं, मला ते रक्तच वाटलं. नवरा कामावर गेलेला. पोरीला कडेवर टाकलं, रिक्षा केली आणि थेट हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठली. तिथल्या तरुण डॉक्टरनं तिचं पोट दाबून बघितलं आणि मला शांतपणे विचारलं, काल बीटरूट खाल्लं होतं का? खाल्लं होतं. सासूबाईंनी बीटाचं पल्य, म्हणजे भाजी, केली होती आणि नातीनं दोन वाट्या हाणल्या होत्या. डॉक्टर हसला नाही, सिस्टर हसली. घरी आल्यावर सगळेच हसले. पुढं महिनाभर मी काळजीचं काही बोलले, की महेश, माझा नवरा, एकच शब्द म्हणायचा, "बीटरूट?"

तेव्हा मी ठरवलं, पुन्हा असं हसं करून घ्यायचं नाही. शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर कुणीतरी एक ॲप सुचवलं होतं. मुलाला काय होतंय ते आपण भरायचं, ते प्रश्न विचारतं आणि शेवटी रंग दाखवतं. हिरवा म्हणजे घरीच लक्ष ठेवा. पिवळा म्हणजे चोवीस तासांत डॉक्टरांना दाखवा. लाल म्हणजे ताबडतोब निघा. मी ते लगेच घेतलं. भाषांच्या यादीत मराठी होती.

माझ्यासारखं बोलणारं

ही मराठी मला किती महत्त्वाची वाटली, ते सांगायला हवं. मी साताऱ्याची. लग्न होऊन म्हैसूरला आले त्याला सहा वर्षं झाली. महेशचं घराणं मराठीच, पण पिढ्यान् पिढ्या इथलं. पूर्वी कापड रंगवायचे, आता महेश नंजनगूडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. घरात मराठी बोलतात खरं, पण ती मराठी मला पहिल्या वर्षी निम्मीच कळायची. "स्वल्प थांब गं." "सुम्ने कशाला रडतीस?" स्वल्प म्हणजे जरा, सुम्ने म्हणजे उगीच, हे मला नंतर कळलं. सासूबाई एका वाक्यात मराठीतनं कानडीत जातात आणि परत येतात, त्यांना पत्ताही लागत नाही. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते, दिवसभर कानाला हेडफोन. कानडी शिकायची राहिली ती राहिलीच. भाजीवाल्यापुरती येते.

ॲप मात्र अगदी साताऱ्याच्या शाळेतल्या बाईंसारखं बोलायचं. 'मुलाने पुरेसे पाणी प्यायले आहे का?' शुद्ध, स्वच्छ. म्हैसूरच्या बोगादी भागातल्या त्या घरात माझ्यासारखं बोलणारं ते एकटंच होतं. मी त्याच्यावर विश्वास टाकला त्याचं हे निम्मं कारण आहे, आणि मला ते कबूल करायला लाज वाटते.

सर्दी, खोकला, डास चावल्याच्या गांधी, सगळं मी त्यात भरायचे. बहुतेक वेळा हिरवा यायचा. घरातली भांडणंही कमी झाली. मी काही बोलायच्या आधीच महेश विचारायचा, "ॲप काय म्हणतंय?" आणि हिरवा म्हटलं की तो निवांत बसने नंजनगूडला जायचा. ओवीला त्यातली तोंडं फार आवडायची. शेवटी सहा चेहरे येतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, मुलानं स्वतः कसं वाटतंय ते दाबायचं. ही बया ताप असो नसो, माझ्या हातातनं मोबाइल हिसकावून हसरा चेहरा दहा वेळा दाबायची.

ताप

शुक्रवारी ताप आला. क्लिनिकच्या डॉक्टरांनी तपासलं, व्हायरल वाटतंय म्हणाले. तापाचं औषध दिलं आणि सांगितलं, "सोमवारपर्यंत ताप गेला नाही तर या, रक्त तपासू." सोमवारीही ताप होता, तेव्हा मंगळवारी सकाळी रक्त द्यायला जायचं ठरलं.

मंगळवारी पहाटे ताप उतरला. सहा वाजून दहा मिनिटांनी मी थर्मामीटर लावला आणि आकडा बघून मला रडूच आलं. चार रात्री झोप नव्हती. सासूबाईंनी देवापुढं दिवा लावला. मी ॲपमध्ये ताप भरला, हिरवा आला. महेश म्हणाला, "आता कशाला सुई टोचायची तिला? डॉक्टर म्हणालेत ताप गेला नाही तर या. गेला की." मलाही तेच ऐकायचं होतं. तो कामावर गेला. मी लॅपटॉप उघडला.

कुणीतरी मला तेव्हा सांगायला हवं होतं, की काही तापांत खरी भीती ताप उतरल्यावर सुरू होते. हे लिहायचं पहिलं कारण तेच.

दोन वाजता

सकाळभर ओवी तिच्या अज्जीला चिकटून होती. गळ्यात हात टाकून, डोकं खांद्यावर. सासूबाई तिला घेऊन घरभर फिरत होत्या आणि मधे मधे माझ्या दारात येऊन सांगत होत्या, "मंकु होऊन बसलीय गं पुट्टी." तीनदा तरी म्हणाल्या. सासूबाई तिला पुट्टी म्हणतात, चिन्नू म्हणतात, बंगारी म्हणतात. मंकु हे त्यातलंच एक असणार. अंगाला बिलगलीय म्हणजे माकड, असं मी आपलं गृहीत धरलं. मी हेडफोन काढून हसले आणि परत घातला.

दुपारी तिनं भात खाल्ला नाही, थोडी उलटी केली, पोट दुखतंय म्हणाली. मी मीटिंगमध्येच माइक बंद करून ॲप उघडलं. ओवी हॉलमध्ये अज्जीच्या मांडीवर होती, म्हणून मी इथूनच एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायला लागले. ताप? नाही. उलटी? एकदा. मग प्रश्न आला, 'मूल सुस्त आहे का?'

मी ओरडले, "आई, ओवी सुस्त आहे का?"

हॉलमधनं उत्तर आलं, "नाय गं! सुस्त कशानं होईल? कुठं पळली ती आज? सकाळपासनं मांडीवरच आहे."

मी 'नाही' दाबलं. प्रश्न संपले आणि रंग हिरवा आला.

आता इथं थांबून सांगते. कानडीत सुस्तु म्हणजे दमणं. दोन जिने चढून आलं की सासूबाई खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "सुस्ताय्तु गं, पाणी दे." पळून, काम करून, उन्हातनं येऊन माणूस सुस्तु होतो. त्यांच्या हिशेबानं त्यांनी अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. जी पोरगी दिवसभर मांडीवर पडून आहे, ती दमेल कशी? आणि सुस्ताय्तु हा शब्द मी सहा वर्षं रोज ऐकत होते. मला तो माहीत होता. पण ॲप माझ्या मराठीत विचारत होतं आणि मी माझ्याच मराठीत ऐकलं.

मग ते सहा चेहरे आले. मी उठून हॉलमध्ये गेले, मोबाइल ओवीपुढं धरला. "दाब, कसं वाटतंय?"

तिनं हात उचलला नाही. डोळे उघडे होते, पण ती मोबाइलकडं बघतच नव्हती. मी स्क्रीन हलवली, हसऱ्या चेहऱ्याचा आवाज वाजवला. काही नाही. माझी पोरगी, जी मोबाइलसाठी मला चावली आहे, ती मोबाइलकडं बघेना. मी तिचे पाय धरले. थंडगार. सकाळपासून सू केली का, मी विचारलं. सासूबाईंना आठवेना. मला आठवेना. मोबाइलवर हिरवा रंग तसाच होता.

मी लॅपटॉप तसाच टाकला. मीटिंगमधली माणसं अजून बोलत होती.

एकच प्रश्न

रिक्षात सासूबाई कानडीत रिक्षावाल्याला ओरडत होत्या, बेगा, बेगा, म्हणजे लवकर. मी मात्र मनात बीटरूट, बीटरूट म्हणत होते. देवा, बीटरूट असू दे. परत सगळ्यांनी हसू दे.

इमर्जन्सीत एक मध्यमवयीन डॉक्टरबाई होत्या. त्यांनी ओवीची नखं दाबली, मनगट धरलं आणि माझ्याकडं न बघता सासूबाईंना विचारलं, "मगु मंकागिद्या?"

सासूबाई म्हणाल्या, "हौदु. बेळग्गेयिंद."

एवढं मला कळलं. मगु म्हणजे मूल. हौदु म्हणजे हो. बेळग्गेयिंद म्हणजे सकाळपासून. मधला शब्द राहिला, आणि तो मी सकाळपासून तीनदा ऐकला होता. मी सिस्टरला इंग्रजीत विचारलं, मंकु म्हणजे काय? ती सलाइन जोडता जोडता म्हणाली, "डल. मूल मलूल पडतं, कशात लक्ष नसतं. त्यालाच मंकु म्हणतात, मॅडम."

म्हणजे ॲपला जे विचारायचं होतं ते सासूबाई मला सकाळपासून सांगत होत्या. दारात येऊन सांगत होत्या. मी हसले होते.

डेंग्यू होता. ताप उतरल्यावर अंगातलं पाणी नको तिकडं जायला लागलं होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, ताप नेमका कधी गेला? मी ॲप उघडून वाचलं, सहा वाजून दहा मिनिटं. पहिल्यांदाच त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हे बरं केलंत. पुढचे दोन दिवस आम्ही इथून मोजणार." मग त्याच आवाजात म्हणाल्या, "उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलेलं नाही."

काचेचं दार

त्या वॉर्डात मुलाजवळ एकाच माणसाला थांबता यायचं. एकच पास. दाराला काच होती, पलीकडं महेश आणि सासूबाई बाकावर बसलेले दिसायचे. मी अडीच दिवस त्या दाराच्या आत होते. खाट, खुर्ची, सलाइनचा स्टँड, पडदा. बाथरूमला जायचं तरी कुणाला तरी सांगून जायचं. दर काही तासांनी रक्त काढायचे आणि मग प्लेटलेटचा आकडा यायची वाट बघायची. आकडा खाली गेला की डॉक्टर म्हणायच्या, जाणार, अपेक्षित आहे. मला माझा श्वास ऐकू यायचा. ओवी डोळे उघडायची, मला बघायची आणि परत मिटायची. मी तिला गोष्टी सांगायचे, ती ऐकतेय की नाही काही कळायचं नाही. इतकी अडकल्यासारखी मी आयुष्यात कधी झाले नव्हते. पळावं असं वाटायचं, आणि कुठं पळणार? पोरगी इथं होती.

खरं सांगायचं तर तिथं बसून मी सासूबाईंवर भयंकर चिडले होते. विचारलं तेव्हा धड सांगता येत नव्हतं का? मग स्वतःवर चिडायचे. मग महेशवर, कशाला सुई टोचायची म्हणाला म्हणून. मग त्या ॲपवर. रागाला जायला जागा नव्हती, तो माझ्यापाशीच फिरत राहायचा.

शेजारच्या खाटेवर नंजनगूडकडची एक बाई होती, तिच्या मुलालाही तोच आजार. तिला मराठी येत नव्हती, मला कानडी. ती मला अक्का म्हणायची. दुसऱ्या दिवशी तिनं खुणेनं सांगितलं, जा, आंघोळ करून ये, मी बघते. मी परत आले तर ती दोन्ही खाटांच्या मधे उभी होती, एक हात तिच्या मुलावर, एक ओवीवर. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तीही रडली. मग दोघींनी चहा प्यायला.

त्याच दुपारी ओवी अचानक म्हणाली, "सू." सिस्टर मोजायचं भांडं घेऊन धावली. भांडं चांगलं भरलं आणि ती ओरडली, "सूपर!" शेजारची बाई टाळ्या वाजवायला लागली. मी काचेकडं बघून महेशला खूण केली, त्याला काही कळेना, मग मी भांडंच उचलून दाखवलं. सू बघून बाप रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मी विचारलंच नाही

तिसऱ्या दिवशी ओवीनं इडली मागितली आणि डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं. मी पास महेशला द्यायला आणि जेवायला बाहेर आले, तर तो माझा मोबाइल हातात घेऊन उभा होता. चार्जिंगला त्याच्याकडंच दिला होता. त्याला देवनागरी वाचता येते, शाळेत हिंदी होती, पण अक्षर अक्षर जुळवत वाचतो. त्यानं ॲपमधली नोंद वाचली होती.

"मंगळवार, दोन वाजता," तो म्हणाला. "सुस्त आहे का? नाही. सुजाता, पोरगी मान टाकून पडली होती. तू नाही कसं दाबलंस?"

सासूबाई त्याच्यामागं डबा घेऊन उभ्या होत्या.

एका वाक्याचं काम होतं. तुझ्या आईला विचारलं होतं, त्या नाही म्हणाल्या. वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. सासूबाई डब्याचं झाकण घट्ट करत होत्या, ते आधीच घट्ट होतं.

मी म्हटलं, "कुणाला विचारलंच नाही. मीटिंग चालू होती. चुकून दाबलं."

मोठेपणा वगैरे काही नव्हता. त्या क्षणी त्यांच्याकडं बघून मला एवढंच वाटलं, की हे यांना झेपायचं नाही. महेश म्हणाला, "चुकून," आणि आत गेला. आम्ही घरी आल्यावरही बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. ओवीला शिंक आली तरी तो स्वतः फोन करून डॉक्टरांना विचारायचा, मला नाही. मुलीच्या बाबतीत माझ्यावर भरवसा नाही, असं तो बोलला नाही, पण घरातल्या प्रत्येक गोष्टीतनं ते कळायचं. आणि मला ते खोडता येत नव्हतं. खरं बोललं तर सासूबाई मोडतील, नाही बोललं तर मी अशीच राहणार. काचेचं दार हॉस्पिटलमध्येच राहिलं, आत बसणं मात्र माझ्याबरोबर घरी आलं.

सासूबाईंनीही तो विषय कधी काढला नाही. फक्त एक झालं. जिने चढून आल्यावर त्या आता सुस्ताय्तु म्हणत नाहीत. गुडघे दुखले, म्हणतात.

जे सांगायचं आहे

ॲप काढून टाकलेलं नाही. ताप किती, कधी, पाणी किती, सू कधी, हे सगळं मी अजून त्यात लिहिते. त्या नोंदीनं आमची मदतच केली. पण रंग बघून निवांत होत नाही. ताप उतरला तरी मूल पडून असेल, खात नसेल, हातपाय गार असतील, तर डॉक्टरांकडं जा. हसतील तर हसू देत.

आणि घरात दोन भाषा असतील, किंवा एकच भाषा दोन प्रकारची असेल, तर मोबाइलवरचा प्रश्न तिथूनच ओरडून विचारू नका. उठा. मुलाजवळ जा. सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, तुम्हाला ही कशी दिसतेय? ते कुठल्याही शब्दात सांगू देत. शब्द कळला नाही तर हसू नका, विचारा.

हे लिहून झालं तेव्हा सासूबाई शेजारी बसून अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. त्यांना कानडी वाचता येतं, मराठी नाही. "एवढं काय लिहिलंस गं, वाचून दाखव की," म्हणाल्या. मी वाचलं. बीटाशी त्या हसल्या. शेजारच्या बाईपाशी डोळे पुसले. दोन वाजताच्या जागी आल्यावर मी प्रश्न आणि उत्तर गाळलं आणि सरळ चेहऱ्यांवर उडी मारली. पुढं वॉर्डाच्या दारात महेशशी बोललेलं ते खोटंही गाळलं. शेवटपर्यंत वाचून कागद खाली ठेवले.

सासूबाई शेंग सोलायच्या थांबल्या.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू विचारलं होतं मला. मी नाय म्हटलं. ते राहिलं."

किती दिवस त्या हे घेऊन बसल्या होत्या, कुणास ठाऊक. मी म्हटलं, "लिहिलंय, आई. वाचलं नाही फक्त."

"मग वाच."

मी मागची पानं काढली आणि ते वाचलं, सगळं, जसं झालं तसं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"संध्याकाळी महेश आला की त्यालाबी वाचून दाखव," त्या म्हणाल्या. "मी बसते इथंच."